सहीचं कोरं पान

२ डिसेंबर, मंगळवार

आज भाऊंना लेटरहेडचा गठ्ठा परत केला.

एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी सात ते नऊ त्यांच्या ऑफिसात बसून चिठ्ठ्या लिहिल्या. भाऊ पन्नास-पन्नास कोऱ्या कागदांवर एकदमच खाली सही करून ठेवायचे, वरचा मजकूर माझा. 'सदर इसम माझ्या प्रभागातील रहिवासी असून मी त्यांस व्यक्तिशः ओळखतो, तरी योग्य ते सहकार्य करावे.' नळ, घरटॅक्स, दाखला, शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली खाट, सगळ्याला हेच वाक्य. एस.टी.त कंट्रोलर होतो, फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहून लिहून अक्षर वळणदार झालेलं. ते भाऊंनी बरोबर हेरलं.

नगरसेवकांची मुदत संपून वर्षं झाली, महापालिकेत प्रशासक बसला, पण चिठ्ठी सुरूच. लेटरहेडवर नावाआधी फक्त 'माजी' वाढलं.

गठ्ठा टेबलावर ठेवला तर भाऊ म्हणाले, "काहून गा कंट्रोलर? तब्येत बरी नाही काय?"

म्हटलं, "तब्येत ठीक आहे. आता लिहिणं होत नाही."

"मंग चार दिवस सुटी घे ना. गठ्ठा काहून परत करून राहिला?"

खरं कारण तोंडातून निघालं नाही. तसाच पायऱ्या उतरलो.

३ डिसें.

कारण इथं तरी लिहून ठेवतो. नाहीतर महिन्याभरानं मलाच पटायचं नाही.

यमुनाबाई मागच्या गल्लीत अगदी टोकाच्या घरात एकट्या राहतात. सत्तरी कधीच ओलांडली. साऱ्या गल्लीत नळ आहेत, त्यांच्या दारात नाही. सकाळी सहाला नळ येतो तेव्हा दोन पितळी गुंड्या घेऊन पाणी भरायला माझ्याकडे येतात. दिवाळीआधी त्यांनी नळासाठी चिठ्ठी मागितली. भाऊ म्हणाले, "तिचं राहू दे. मागच्या खेपेले त्या गल्लीनं दगा देला आपल्याले. फिरू दे थोडी." मी बाईंना सांगितलं, भाऊ मुंबईला गेलेत. एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बरं बाबूजी, आले की सांगजा," आणि माझ्या नळाचं पाणी भरून गेल्या.

मागच्या आठवड्यात घरटॅक्सच्या कामाला झोन ऑफिसात गेलो होतो. लाइनीत उभं राहून कंटाळा आला म्हणून भिंतीवरचं वाचत होतो. कपाटाच्या मागं अर्धा दडलेला बोर्ड: नवीन नळजोडणीसाठी आवश्यक कागदपत्रे. अर्ज, आधार, टॅक्सची पावती, फोटो. चिठ्ठी कुठंच नाही. शेजारच्या दुसऱ्या बोर्डावर दाखल्यांची यादी. तिथंही नाही. टेबलावरच्या बाबूला विचारलं तर तो हसला.

"लागत नाही काका. पण सगळे आणतात."

एकोणीस वर्षं.

५ डिसें.

संध्याकाळी सात वाजले की पाय आपोआप चपलेत जातात. आज चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो, परत आलो. टी.व्ही. लावला, बंद केला. सुलोचना होती तेव्हा म्हणायची, "तुमचं अर्धं लग्न त्या ऑफिसाशी लागलं." तिला जाऊन तीन वर्षं झाली. उरलेलं अर्धं लग्न मी मंगळवारी मोडून आलो.

पोळ्या आज तीन केल्या. एक उरली.

६ डिसें.

सकाळी विहारात अभिवादनाला गेलो. नेहमीप्रमाणे मेणबत्त्यांची रांग, पांढरे कपडे. बाहेर वंदनाताईंनी गाठलं. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, चार वॉर्ड एकटीनं सांभाळलेली बाई, आवाज अजून तसाच. त्यांनी नागरिक समिती काढली आहे. निवडणूक येऊ घातली आहे, आपल्या प्रभागातून अ, ब, क, ड अशा चार जागांवर चार अपक्ष उभे करायचे, कोणत्याच पक्षाचे नाहीत. वचन एकच: कोणाच्याही कामाला कोणाचीही चिठ्ठी लागणार नाही. बोर्डावर जे लिहिलं तेवढंच.

"तुम्ही गठ्ठा परत केल्याचं ऐकलं. ड जागेवर उभे राहा."

"मी? मले कोण मत देईन?"

"मत नंतर. आतलं सगळं तुम्हालेच माहीत आहे, हे आधी लोकायले सांगा."

विचार करतो म्हणालो. घरी येताना लक्षात आलं की चार दिवसांत माझ्याशी नीट बोललेलं हे पहिलं माणूस. होकार दिला तर त्याचं अर्धं कारण तेच असेल.

९ डिसें.

यमुनाबाईंचा अर्ज भरला. त्यांना घेऊन झोन ऑफिसला (झो. ऑ.) गेलो. मुंबईचं खोटं होतं हे रस्त्यात सांगून टाकलं. त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले वाटतच होतं. तिसऱ्या खेपेले तुम्ही नळाकडे पाहून बोलले."

बाबूनं अर्ज उलटसुलट केला. "चिठ्ठी?"

म्हटलं, "बोर्ड वाचा."

त्यानं मान वळवून बोर्ड पाहिला, जणू आजच कोणी लावला. पोचपावतीवर शिक्का मारला. बाईंनी ती पावती पदराच्या गाठीत बांधली.

११ डिसें.

विहाराजवळच्या चौकात समितीची पहिली बैठक. वीसेक माणसं. मी माइक घेतला तर जुनी सवय, आवाज एकदम फलाटावरचा लागला, लोक हसले. 'चिठ्ठी लागत नाही' म्हणून सांगितलं. मागून एक जण उठला, "बोलणं सोपं आहे कंट्रोलर साहेब. बिना चिठ्ठीचं काम झालेला एक माणूस दाखवा."

मी भरात बोलून गेलो, "यमुनाबाईंचा नळ. मतदानाच्या आधी लागेल. नाही लागला तर मले मत देऊ नका."

वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या अशा बघतात तेव्हा इंजेक्शन मिळणार असं वाटतं.

१५ डिसें.

निवडणूक जाहीर. आचारसंहिता लागली. झो. ऑ.त गेलो तर बाबू म्हणतो, "आता नवीन मंजुरी निवडणुकीनंतर." म्हटलं, नळ म्हणजे पूल आहे का? एका म्हाताऱ्या बाईच्या घराचा प्रश्न. तो इकडंतिकडं पाहून हळूच बोलला, "काका, तुम्हीच तर लिहीत होते. भाऊची चिठ्ठी असली की फाईल वर येते, नसली की खाली जाते. मी काही करत नाही. ते आपोआपच होते."

घरी आलो. आज सकाळपासून त्या बाबूखेरीज कोणाशी बोललो? दूधवाल्याशी. आणि सहाला यमुनाबाईंशी, पण त्या पाणी भरताना फार बोलत नाहीत. गुंडी भरल्याचा आवाज बदलला की म्हणतात, "झालं," तेवढंच.

१८ डिसें.

हे लिहायला लाज वाटते. आज सकाळी त्या उशिरा आल्या, सव्वासहाला. ती पंधरा मिनिटं मी फाटकाशी उभा होतो. मग एकदम मनात आलं, यांच्या दारी नळ लागला की या कशाला येतील?

मी ज्यासाठी धडपडतो आहे, ते झालं तर सकाळचं हे एक माणूसही जाणार. असा विचार करणारा माणूस निवडणुकीला उभा राहतो आहे.

२३ डिसें.

अर्जासाठी जुनी कागदपत्रं काढत होतो. भाऊंच्या ऑफिसात नेत असे ती ब्रीफकेस उघडली. आतल्या कप्प्यात, गेल्या सालच्या रोजनिशीत, एक लेटरहेड. कोरं. खाली भाऊंची सही, निळ्या शाईची, शेवटी ती नेहमीची वर गेलेली शेपटी.

गठ्ठा परत केला तेव्हा हे राहून गेलं. उद्या नेऊन देतो.

२४ डिसें.

नाही नेलं.

३० डिसें.

उमेदवारी भरली. रांगेत चार तास. भाऊ आणि त्यांच्या पॅनेलचे तिघं गुलाल-ढोल घेऊन आले, आम्ही चौघं ऑटोतून. भाऊंनी लांबून हात केला, मीही केला. हात करायची सवय जात नाही.

पुण्याहून सीमाचा फोन. "बाबा, या वयात हे काय? हरलात तर?" म्हटलं, हरेनच. "मग कशाला?" मुलीला काय सांगणार की संध्याकाळी सातनंतर घरात आवाज नसतो म्हणून. बोर्डाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "हे सगळीकडेच असतं बाबा." मग जावईबापूंनी हाक मारली, तिनं फोन ठेवला.

२ जानेवारी

क जागेवरच्या आपल्या माणसानं अर्ज मागे घेतला. काल भाऊ त्याच्या घरी गेले होते म्हणे, त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन अडकलं होतं. वंदनाताई संतापल्या. मला राग आला नाही. त्या ऑपरेशनची चिठ्ठी कशी असेल, ते मला शब्दन्‌शब्द माहीत आहे.

आता आम्ही तिघं.

३ जाने.

चिन्हं मिळाली. मी बस मागितली होती, ती चिठ्ठी टाकून दुसऱ्याला गेली. मला कपबशी. वंदनाताईंना शिवणयंत्र, तिसऱ्याला पंखा. हीच तर पंचाईत: भाऊंच्या लोकांना सांगायला सोपं, चारही ठिकाणी तेच एक चिन्ह दाबा. आमचं प्रत्येकाचं वेगळं, आणि चौथ्या जागी कोणी नाहीच.

पानटपरीवर एक जण म्हणाला, "भाऊचा चहा बंद झाला म्हणून साहेबानं कपबशी घेतली." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन चहा केला आणि प्यायलाच नाही.

५ जाने.

वंदनाताईंनी पुठ्ठ्याचं मतदान यंत्र बनवलं, चार रकान्यांचं. घरोघरी ते घेऊन फिरतो. यमुनाबाईंच्या दारातही बसलो.

"चार खेपा दाबा लागते? एकच मत असते ना माणसाचं."

"चार जागा आहेत, चार मतं. अ ले शिवणयंत्र, ब ले पंखा, ड ले कपबशी."

"अन् क ले?"

"क ले आपला कोणी नाही. कोणालेही द्या, नाहीतर शेवटचं 'कोणीच नाही'चं बटन दाबा. चारही दाबल्याबिगर मशीन पी करत नाही."

त्यांनी पुठ्ठ्यावर बोट दाबलं आणि स्वतःच तोंडानं "पीऽऽ" केलं. खूप दिवसांनी पोटभर हसलो. मग त्यांनी विचारलं, "नळाचं काय झालं बाबूजी? ते कागद अजून गाठीतच आहे." शेजारच्या दोन बाया दारातून ऐकत होत्या. गल्लीतल्या प्रत्येक दारात आता हाच प्रश्न आहे. माझं नाव, चिन्ह कोणी विचारत नाही, यमुनाबाईचा नळ विचारतात.

८ जाने.

संध्याकाळी सातला फाटक वाजलं. भाऊ. एकटेच, गाडी कोपऱ्यावर ठेवून. चहा केला. बशीत ओतून पितात अजून.

"तू मले आधी सांगायचं होतं. घरचा माणूस असा नाही जात."

म्हटलं, "भाऊ, तो बोर्ड किती वर्षांपासून आहे तिथं?"

"असंन. बोर्ड तं सगळीकडेच असते." बशी खाली ठेवली. "कंट्रोलर, सुलोचनावहिनीले दवाखान्यात खाट भेटत नव्हती, त्या दिवशी तू बोर्ड वाचत बसला होता काय?"

 त्या दिवशी दुपारी मी भाऊंना फोन केला होता, ते चिठ्ठी घेऊन आले आणि पाऊण तासात खाट मिळाली होती. स्ट्रेचर ढकलायला भाऊ स्वतः होते. तिला आणखी अकरा दिवस मिळाले, ते त्या चिठ्ठीनं.

"मी वाईट माणूस आहे काय गा?" भाऊंनी विचारलं. खरंच विचारलं, भाषणातल्यासारखं नाही.

"नाही."

"मंग?"

मंग काय, तेच मला सांगता येत नाही. त्या दिवशी ती खाट आम्हाला मिळाली, म्हणजे बिनचिठ्ठीचं कोणीतरी दारात पडून राहिलं असेल. त्याचं नाव मला माहीत नाही. भाऊंनाही नाही. हे मी बोललो नाही, इथं लिहितो आहे. बोलायला हवं होतं. भाऊ गेल्यावर त्यांची कपबशी धुतली नाही, तशीच ओट्यावर आहे.

१० जाने., शनिवार

यमुनाबाई पडल्या. माझ्या नळापासून त्यांच्या घराच्या वाटेत, दुसरी गुंडी नेताना. मनगट मोडलं. वंदनाताईंनी दवाखान्यात नेलं, प्लास्टर. मी दोन्ही गुंड्या भरून त्यांच्या घरी पोचवल्या. एका गुंडीला चांगलाच पोचा पडला आहे.

त्या खाटेवर पडून म्हणाल्या, "बाबूजी, भाऊच्या चिठ्ठीनं होत असंन तं घेऊन या ना. मले काही तत्त्व नाही पाह्यजे, पाणी पाह्यजे."

गल्ली सगळी दारात. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. बोलले असते तर बरं झालं असतं.

महिनाभर मी या म्हाताऱ्या बाईला चौकाचौकात मिरवलं. भाऊंनी तिला फिरवलं मतांसाठी. मी तिला थांबवून ठेवलं, तेही मतांसाठीच.

११ जाने., रविवार

लिहिलं.

दुपारी जेवण झाल्यावर बसलो. भाऊंच्या सहीचा तो राहिलेला कागद सरळ ठेवला, समास सोडला. 'सदर महिला माझ्या प्रभागातील रहिवासी असून मी त्यांस व्यक्तिशः ओळखतो.' तेच नेहमीचं पत्र, एकही खाडाखोड नाही. हात जराही कापला नाही, त्याचंच वाईट वाटलं. लिहिताना बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. दीड महिन्यानं हाताला काम मिळालं होतं.

१२ जाने.

झो. ऑ.ला गेलो. बाबू जेवायला गेला होता, परत येईपर्यंत बाकावर बसलो. बोर्ड समोरच. आला तेव्हा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं अक्षर पाहिलं, सही पाहिली, मला पाहिलं.

"आता कसं," म्हणाला, आणि फाईलला टाचणी मारली. "पण मंजुरी निवडणुकीनंतरच हं काका."

म्हणजे मतदानाआधी नळ नाही तो नाहीच. अब्रूही घालवली आणि शब्दही पाळता आला नाही.

संध्याकाळी चौकात सभा. वंदनाताईंनी माइक माझ्या हातात दिला. "चिठ्ठी लागत नाही," मी म्हणालो. आवाज खणखणीत लागला, एस.टी.त तीस वर्षं तोच तर केला. गाडी येणार नाही हे माहीत असूनही 'थोड्याच वेळात लागेल' म्हणून सांगत होतो. नळाचं विचारलं तेव्हा कबूल केलं की मतदानाआधी होत नाही, माझा शब्द खोटा पडला. पुढं जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. वंदनाताईंनाही नाही.

सभेनंतर त्या म्हणाल्या, "चूक कबूल करणारा उमेदवार लोकायनं पहिल्यांदाच पाहिला असंन. चांगलं केलं." मी मान खाली घालून खुर्च्या उचलत राहिलो.

१४ जाने.

संक्रांत. पोरं पतंग घेऊन गच्च्यांवर, ओ-काट ओ-काट. दरवर्षी भाऊंच्या ऑफिसातून तिळगुळाचा डबा यायचा. यंदा आला नाही, यायचं कारणही नाही. दुपारी यमुनाबाईंना पाणी पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं वळलेला एक वेडावाकडा लाडू दिला. "डाव्या हाताचा आहे, माफ करजा."

दारात उभ्यानंच खाल्ला.

१५ जाने., मतदान

सकाळी साडेसातला मत दिलं. स्वतःच्या नावापुढचं बटन दाबताना अंगावर काटा आला. आयुष्यात कुठल्या पाटीवर माझं नाव लागलं नव्हतं, पाट्या मी लिहायचो.

यमुनाबाईंना ऑटोनं नेलं. बाहेर आल्यावर कानाशी म्हणाल्या, "कपबशी दाबली. नर्सबाईचं शिवणयंत्र बी. बाकी दोन भाऊले देले. त्यायलेबी नाराज कसं करू? नळ अजून लागाचा आहे ना."

राग यायला हवा होता. माझ्यापेक्षा त्यांचा हिशेब साफ होता.

१६ जाने.

हरलो. तिघंही. माझी अनामत गेली. वंदनाताईंची थोडक्यात वाचली. भाऊंचं पॅनेल चारही जागांवर. लेटरहेडवरचं 'माजी' आता खोडलं जाणार.

मोजणीच्या आवारात भाऊ गुलालानं माखलेले. गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्या कपाळाला गुलाल लावला. फक्त हसले. ते हसू कसलं होतं याचा रस्ताभर विचार केला. बाबूनं त्यांना सांगितलं असेल का?

घरी येऊन तोंड धुतलं. गुलाल कानामागं राहतोच.

१९ जाने.

समितीची बैठक. आले पाच. वंदनाताई म्हणतात, चौदा फेब्रुवारीपासून दर शनिवारी चौकात टेबल टाकायचं, लोकांचे अर्ज भरून द्यायचे, पाच वर्षं हेच करायचं. "अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्ही बसा." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

२४ जाने.

सकाळी सहा. मीच पाणी नेऊन देतो अजून, प्लास्टर निघालं नाही. तेवढीच दहा मिनिटं. त्या चहा ठेवतात. दिवसभराचं बोलणं तिथंच होतं, मग दुसऱ्या सकाळपर्यंत तोंडाला विश्रांती.

५ फेब्रुवारी

झो. ऑ.चा माणूस आला, प्लंबर आला, गल्लीचं टोक खोदलं. यमुनाबाईंचा नळ मंजूर. पाणी सुटायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले.

गल्लीत एकच बोलणं: भाऊ निवडून आले अन् वीस दिवसांत नळ लावून देला, दिलदार माणूस. मी खोदणाऱ्याच्या बाजूला उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कुठं पाहिलं असतं?

वंदनाताई मात्र धावत आल्या, चेहरा उजळलेला. "झालं ना! बिना चिठ्ठीचं! शनिवारच्या टेबलावर हेच सांगायचं. पहिला अर्ज, पहिला नळ!" माझा हात दाबला त्यांनी.

मी आत पाणी प्यायला गेलो.

७ फेब्रु.

मंजुरीच्या नोटवर वर 'संदर्भ' लिहितात. कशाच्या आधारे मंजूर केलं ते. मी इतकी वर्षं ही कागदं पाहिली, मला ठाऊक आहे. संदर्भात नुसती अर्जाची तारीख असेल, तर आचारसंहिता उठल्यावर फाईल आपल्या पायानं वर आली. वंदनाताई खऱ्या, मीही आधी खरा होतो आणि मधेच घाबरलो. संदर्भात 'मा. नगरसेवक यांचे पत्र' असेल तर...

एक ओळ आहे. जाऊन पाहायची. झो. ऑ. चालत वीस मिनिटांवर.

८ फेब्रु., रविवार

सहाला नळ आला. फाटकाकडे कोणी आलं नाही. येणार नव्हतंच, त्यांच्या दारी आता नळ आहे, आणि काल प्लास्टरही निघालं. तरी नळ उघडा ठेवला थोडा वेळ, मग पाणी वाया जातं म्हणून बंद केला.

साडेसहाला फाटक वाजलं. यमुनाबाई. एक गुंडी, तीच पोचा पडलेली, अर्धीच भरलेली, डाव्या कडेवर.

"पहिलं पाणी तुमच्या घरी. इतकी वर्षं तुमचंच पिलं."

गुंडी ओट्यावर ठेवली. मी चहा ठेवतो म्हणालो तर नको म्हणाल्या, उभ्याच राहिल्या.

"बाबूजी, एक विचारू? सारी गल्ली म्हणते भाऊच्या चिठ्ठीनं लागला. नर्सबाई म्हणते माह्या अर्जानं लागला, शनिवारी साऱ्यायसमोर सांग म्हणते. मी काय सांगू? खरं काय आहे?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि विचारला तोही ज्या बाईला मी मुंबईची थाप मारली होती तिनंच. या वेळी नळाकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं.

"मले माहीत नाही, यमुनाबाई. चिठ्ठी बी त्या फाईलीत आहे. भाऊची सही, अक्षर माहं. मीच नेऊन देली, तुम्ही पडल्या तेव्हा. नर्सबाईले नाही सांगितलं."

 त्या मोडलेलं मनगट दुसऱ्या हातानं चोळत होत्या.

"मंग फाईलीत पाहा ना जाऊन."

"भीती वाटते."

"कोणाची?"

 त्या पायऱ्या उतरल्या, फाटकाशी वळून म्हणाल्या, "पाहून या. जे असंन ते आधी मले सांगजा. नर्सबाईले मंग आपण दोघं मिळून सांगू." आणि गेल्या.

उद्या सोमवार. झो. ऑ. साडेदहाला उघडतं.

गुंडी इथंच राहिली. पाणी माठात ओतून घेतलं, गुंडी राखेनं घासून पालथी घातली आहे.